कापून टाकलेल्या भागाचं काय? : स्क्रोल सॉ आणि लाकडी जाळीकामाची समीक्षा

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की निवृत्त प्राध्यापकांना आता सुतारकी सुचू लागली. तसं समजायला आमची हरकत नाही. पण जरा बघा, 'समीक्षा' हा शब्द आपण कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्र एवढ्यापुरता राखून ठेवला आहे. आपल्या घरात प्रत्यक्ष काय लावलेलं असतं? दारावर कापलेल्या अक्षरांची नावाची पाटी, भिंतीवर लाकडी ॐ, मोराच्या पिसाऱ्याचं घड्याळ, भाद्रपदात गणपतीचं मखर. या वस्तू आपण विकत घेतो, वास्तुशांतीला भेट देतो, आणि 'छान आहे हो' यापलीकडे त्यांच्याबद्दल एक वाक्य बोलत नाही. छान का, आणि नसेल तर का नाही, हे बोलायला शब्द हवेत. ते शब्द आज थोडे जुळवू या.

आधी हत्यार समजून घेऊ. शाळेत काहींनी फ्रेटवर्क केलं असेल. इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांत ताणलेलं दोऱ्यासारखं पातं, आणि टेबलाला चिकटवलेली खाच पाडलेली फळी. स्क्रोल सॉ म्हणजे तेच, फक्त कमान यंत्राला जोडलेली. पातं साधारण पाच इंचांचं, मिनिटाला चारशेपासून सतरा-अठराशे वेळा खालीवर होणारं. दात खाली बघणारे. पात्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या बारीकपणामुळेच ते जागच्या जागी वळू शकतं, आणि मोठी करवत जिथे हात टेकते तिथे याचं काम सुरू होतं. इथे करवत जागची हलत नाही, दोन्ही हातांनी लाकूड फिरवायचं. लिहिताना लेखणी स्थिर धरून कागद फिरवावा, तसं. आणखी एक गंमत अशी, की पुष्कळशी पाती सरळ कापतच नाहीत. बनवताना एका बाजूला किंचित कंगोरा राहतो, त्यामुळे ती एका अंगाला ओढतात. कापणारा नवखा असेल तर रेघेशी भांडतो. सरावलेला लाकूडच थोडं तिरकं धरून पुढे सारतो.

आतली भोकं कशी कापतात, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. प्रत्येक भोकासाठी आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते छिद्रातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, ताण द्यायचा. ताण बरोबर बसला की पातं बोटाने छेडल्यावर तंतुवाद्यासारखं वाजतं. मग तेवढा तुकडा कापायचा आणि पुन्हा सोडवायचं. नक्षीत दोनशे भोकं असतील तर हे दोनशे वेळा. आतली सगळी भोकं आधी, बाहेरची कड शेवटी, नाहीतर धरायला फळीच उरत नाही.

आता मुद्दा. या कलेत जे काही करायचं ते वजा करून करायचं असतं. चित्रकार रंग घालतो, कुंभार माती चढवतो. पाथरवटही वजाच करतो, पण त्याला खोलीची मुभा असते, थोडं खणून थांबता येतं. जाळी कापणाऱ्याला मधली पायरी नाही. लाकूड एकतर आहे, नाहीतर नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे वैशेषिक आठवल्याशिवाय राहत नाहीत. कणादांच्या मूळ मांडणीत सहा पदार्थ आहेत. पुढच्या परंपरेने त्यांत सातवा घातला : अभाव. 'नसणं' हाही जगातला एक पदार्थ आहे, असं म्हणायला धाडस लागतं. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला होतं ना? मग त्या ज्ञानाला काही विषय हवा. शिवाय अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. पाश्चात्त्यांकडे डेव्हिड आणि स्टेफनी लुइस या दांपत्याने १९७० साली 'भोकं' याच नावाचा एक खुसखुशीत संवाद लिहिला. त्यातला एक जण जडवादी आहे. त्याच्या मते जगात फक्त द्रव्य आहे, मग भोकं म्हणजे काय? तर म्हणे भोकाभोवतीचं अस्तर म्हणजेच भोक. दुसरा त्याला पुरता हैराण करतो.

हे सगळं भिंतीवरच्या मोरासाठी कशाला? तर जाळीकाम पाहताना आपण नेमकं काय पाहतो, याचं उत्तर यात आहे. चांगल्या जाळीत भोकालाही आकार असतो. त्याच्याकडे पाहिलं तर ते पान असतं, पाकळी असते, थेंब असतो. वाईट जाळीत भोक म्हणजे नुसतं उरलेलं रिकामपण. नैयायिकांच्या भाषेत, त्याचा प्रतियोगी कोण ते सांगताच येत नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा राजदरबारचा फर्निचर-कारागीर होता. कासवाच्या पाठीचा पातळ पापुद्रा आणि पितळेचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकाच वेळी बारीक करवतीने कापायचे, ही त्याची पद्धत. ती त्याने शोधली नाही, पण तिला नाव त्याचं लागलं. कापल्यावर होतं काय, की पितळेची वेल कासवाच्या जमिनीत बसते, आणि उरलेली कासवाची वेल पितळेच्या जमिनीत बसते. दोन पत्रे, एक कापणं, दोन चित्रं, आणि एकाची आकृती ही दुसऱ्याची पार्श्वभूमी. पुष्कळदा अशी दोन कपाटं जोडीने बनवत. कापून टाकलेला भाग वाया न घालवता त्याला समान मान देणारं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

साध्या जाळीत मात्र कापलेला तुकडा खाली भुशात पडतो. म्हणून तिथे एक कडक नियम येतो : जे उरतं ते सगळं एकमेकांना धरून राहिलं पाहिजे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात काळी बाहुली हवी आणि भोवतीचं सगळं कापलं, तर बाहुली पडणार. तिला कुठून तरी एक पट्टी जोडून धरावी लागते. या पट्टीला कारागीर पूल म्हणतात, आणि आमचं म्हणणं असं, की जाळीकामाची सारी समीक्षा या पुलापाशी होते. पूल आकृतीचा भाग झाला आहे की नाईलाजाने मारलेलं ठिगळ आहे, एवढंच विचारायचं.

अहमदाबादची सिदी सैयद मशीद, १५७२-७३ सालची, पुष्कळांनी पाहिली असेल. निदान तिथल्या आयआयएमचं बोधचिन्ह तरी पाहिलं असेल, ते त्याच जाळीवरून घेतलं आहे. काम दगडातलं, पण प्रश्न तोच. अर्धवर्तुळाच्या खिडकीत झाड आहे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये ताडाचं झाड. आता त्यातला पूल दाखवा. दाखवता येत नाही, कारण प्रत्येक फांदी हाच पूल आहे. झाड हा विषयच असा निवडला, की ज्याला धरून ठेवण्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. तिथे सौंदर्य आणि बांधकाम वेगळं काढता येत नाही.

याच्या उलट टोकाला हल्लीची 'पोर्ट्रेट' आहेत. फोटो घ्यायचा, संगणकावर त्याचे फक्त काळे आणि पांढरे भाग करायचे, काळे ठेवायचे, पांढरे कापायचे. नट, क्रिकेटपटू, आजोबा, कुणीही. मेहनत प्रचंड असते, ती आम्ही नाकारत नाही. पण चेहऱ्याच्या सावल्यांचा आकार ठरवला दिव्याने, त्या दिवशी दिवा ज्या बाजूला होता त्याने. मग गालावरचा एक सुटा डाग अडकवून ठेवायला कानापर्यंत एक रेघ ओढली जाते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की आजोबांना जखमेचा व्रण होता. लाकडाने इथे काहीच केलं नाही, फोटोची हमाली केली. छत्रपती शिवाजी महाराजांची जी कापीव मुद्रा घरोघर आणि गाड्यांच्या काचांवर दिसते, ती मात्र टिकते. का? कारण ती बाजूने पाहिलेली बाह्याकृती आहे. जिरेटोप, नाक, दाढी, सगळं एका अखंड कडेत येतं. तिला आतल्या सावल्यांची भीक मागावी लागत नाही.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. हा भाग आम्हाला सर्वांत आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतो. रोमन लिपीत नाव कापा, प्रत्येक अक्षर सुटं पडतं. ते फळीवर एकेक करून चिकटवावं लागतं, किंवा खाली एक उगीचची दांडी द्यावी लागते. देवनागरीत शिरोरेघ आहे. 'गणेश' हा शब्द घ्या. ग चा काना सुटा, ण चा काना सुटा, श चाही सुटा. तीनही ठिकाणी अक्षराचे दोन भाग एकमेकांना स्पर्शसुद्धा करत नाहीत, तरी एकही तुकडा पडत नाही, कारण सगळे वर टांगलेले आहेत. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. लिपीनेच पूल पुरवला आहे. मोडी लिहिणारे तर आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. जाळी कापणाऱ्याने नेमकं हेच करावं. गुजराती शेजाऱ्याला ही सोय नाही बरं का, त्यांनी शिरोरेघ सोडून दिली.

पण आपल्याकडे अनुस्वार आहे! 'आनंद' कापा, 'मंगल' कापा. तो टिंब वर हवेत तरंगतो, कापला की पडला. मग पाट्यांवर काय काय उपाय दिसतात ते कधी बघत फिरा. कुणी टिंबाला खालून देठ लावतो, मग तो अनुस्वार राहत नाही, भुईमुगाचा दाणा होतो. कुणी तो शिरोरेघेवर बसवतो, निम्मा बुडालेला, सूर्योदयासारखा. हा उपाय आम्हाला पटतो. कुणी भोवती चौकट घेऊन तिला टेकवतो. आणि कुणी अनुस्वार सरळ गाळतो, मग 'आनंद' चा 'आनद' होतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ॐ च्या चंद्रबिंदूचा पेच तोच, किंबहुना अवघड. तिथे चंद्रकोर आणि बिंदू दोन्ही सुटे. बिंदू कोरीत टेकवला तर अर्थ राहतो, पण कोर मूळ आकृतीला कुठे टेकणार? हा निर्णय कापणाऱ्याचा आहे, आणि तो घेतानाच तो कारागीर असतो.

निर्णय हा शब्द आला, तर त्यावरच थोडं थांबू. या कलेवरचा जुना आक्षेप असा, की हे सगळं उसनं आहे. नमुना दुसऱ्याचा, आपण फक्त रेघेवरून पातं चालवायचं. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरेहॅम गावी 'हॉबीज' नावाची कंपनी होती. तिचं साप्ताहिक १८९५ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्यासोबत फ्रेटवर्कचे नमुने येत. घरोघर कारकून, शिक्षक, पोरं संध्याकाळी तेच ब्रॅकेट, तीच घड्याळाची चौकट कापत बसत. त्याआधी अमेरिकेत वाफेच्या आणि पायाने चालणाऱ्या करवतींमुळे घरांच्या पाख्यांना लाकडी लेस लावायची लाटच आली होती. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग हा वास्तुविषयक लेखक १८५० सालीच तिच्यावर वैतागला होता. पातळ फळीतून कापलेल्या या झालरींनी घराची शोभा वाढत नाही, उतरते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते झालर जाड हवी, छपराचा भाग वाटायला हवी. आपल्याकडे माथेरान-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांना, किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत, लाकडी कापीव काम दिसतं. डाउनिंगची कसोटी तिथे लावून पाहा. पाख्याची झालर पावसाचं पाणी टोकाटोकावरून खाली सोडत असेल तर ती तिथली आहे. नुसती खिळ्यांनी ठोकलेली असेल तर दोन पावसाळ्यांत ओळखू येते.

जॉन रस्किन याहून पुढे गेला. १८४९ च्या पुस्तकात त्याने यंत्राने केलेल्या अलंकाराला जवळपास फसवणूकच ठरवलं, आणि अलंकाराबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा, की करणारा तो करताना आनंदात होता का. प्रश्न मोठा मोलाचा. पण त्यातून लोकांनी भलतंच सूत्र काढलं, हाताचं ते पवित्र, यंत्राचं ते पाप. स्क्रोल सॉ या सूत्राला जुमानत नाही. मोटार तिला आहे, पण लाकूड हात फिरवतो. मग हे काम हाताचं की यंत्राचं?

डेव्हिड पाय हा स्वतः लाकूड कोरणारा इंग्रज प्राध्यापक. त्याने १९६८ च्या पुस्तकात हा वादच मोडीत काढला. हात की यंत्र विचारू नका, तो म्हणतो, जोखीम आहे की खात्री ते विचारा. वस्तू पूर्ण होईपर्यंत दर क्षणी बिघडू शकते, ते जोखमीचं काम. निकाल आधीच ठरलेला आहे, ते खात्रीचं. या हिशेबाने स्क्रोल सॉ जोखमीत मोडते. एकशे नव्व्याण्णव भोकं नीट झाली आणि दोनशेव्या वेळी हात सरकला, की गेलं.

लेझर मात्र खात्रीचं. आणि आज बाजारात जे दिसतं त्यातलं बहुतेक लेझरचं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्मोकोलवर बंदी आली. त्याआधी तापलेल्या तारेने थर्मोकोलची मखरं कापणारे कारागीर गल्लोगल्ली होते. बंदी योग्यच होती, त्यावर आमचा वाद नाही. पण त्या जागी लेझरने कापलेली एमडीएफची मखरं आली, एका फाइलवरून हवी तेवढी, घडी घालून खोक्यात. थर्मोकोलवाला दरवर्षी नवी कमान सुचवत होता, कारण गिऱ्हाईक म्हणे, 'मागच्या वर्षीची नको.' कुणाच्या हातून निर्णय गेला आणि कुणाकडे गेला, याची नोंद कुठे होत नाही. ती समीक्षेने करायची.

आता इथे आम्ही थोडं कडू बोलणार आहोत, आणि ते आपल्यापैकी ज्यांनी निवृत्तीनंतर हे यंत्र घेतलं आहे त्यांना लागेल. पायची जोखीम पुरेशी नाही. दुसऱ्याचा नमुना छापायचा, फळीवर टेप लावून त्यावर चिकटवायचा, आणि रेघेवरून जायचं, यात हात जोखमीत आहे पण डोकं खात्रीत आहे. असं काम आणि लेझर यांत पाहणाऱ्याला फरक दिसत नसेल, तर पाहणाऱ्याचं चुकत नाही. उलट एखाद्या मुलीने स्वतः आखलेली मांडणी लेझरवर कापून आणली आणि तिच्यात पूल कुठे द्यायचा हे तिने ठरवलं असेल, तर आम्ही तिच्या बाजूने. 'वेळ छान जातो' हे उत्तर आम्हाला पुष्कळ जण देतात. वेळ तर कशानेही जातो. सत्तरीनंतर तर फारच भराभर जातो. प्रश्न असा, की या वयातही काही ठरवणं आपल्याकडे उरलं आहे का.

मग हाताचा काही फायदाच नाही? आहे, आणि तो भावनेचा नाही, तंतूंचा आहे. सागवानाच्या फळीत तंतू एका दिशेने जातात. बारीक देठ त्या दिशेने कापला तर टिकतो. आडवा कापला तर बोट लागताच टचकन तुटतो. हे कापणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि मग तो वेल आखतानाच देठ उभे घेतो, आडव्या जागी पान जाड ठेवतो. लाकूड त्याचं चित्र सुधारतं. प्लायवुडमध्ये थर आलटून पालटून उभे-आडवे असतात, त्यामुळे दटावणी कमी होते. एमडीएफमध्ये तंतूंना दिशाच नसते, सुटे केलेले लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक. ते काहीही सहन करतं, म्हणून काहीही शिकवत नाही. बाजारातल्या जाळ्या आधी नाजूक दिसतात आणि मग कंटाळा आणतात, त्याचं एक कारण हे. तेव्हा घड्याळ घ्यायला जाल तर आधी बारीक भाग कुठल्या दिशेला धावतात ते पाहा. मग कड पाहा. काळी पडलेली असेल तर ती जळलेली आहे, कापलेली नाही.

जाता जाता एका वस्तूबद्दल सांगायचं राहतं. सपाट फळीवर गोल गोल चक्राकार रेघ काढतात, यंत्राचं टेबल चार-पाच अंशांनी कलतं करतात, आणि त्या रेघेवरून कापतात. कड तिरकी झाल्यामुळे आतला फेरा बाहेरच्या फेऱ्यात अडकतो, पूर्ण निसटत नाही. फळी मधून खाली सोडली की टोपली होते, उचलून ठेवली की पुन्हा फळी. एकही तुकडा भुशात गेलेला नाही, गेला तो फक्त पात्याच्या जाडीएवढा भुसा. तिच्यावर मोर नाही, कमळ नाही, संदेश नाही. या यंत्रावर केलेली आम्ही पाहिलेली सर्वांत सुंदर वस्तू हीच.

प्रश्न घेऊ. हो, मागच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ॐ चा चंद्रबिंदू तुम्ही कसा जोडाल? आम्ही जोडणार नाही, ताई. तो आम्ही भोक म्हणून कापू. मागे एक गोल फळी घ्या, तिच्यात ॐ चा सगळा आकार आरपार काढा, म्हणजे कोर आणि बिंदू ही दोन भोकं, त्यांना कुणी धरायला नको. फक्त ॐ च्या पोटात कुठे वळण बंद होत असेल तर तिथला तुकडा पडेल, तेवढं वळण किंचित उघडं ठेवा. आणि मागे भिंतीपासून बोटभर अंतर सोडा, म्हणजे संध्याकाळी दिवा लावला की सावली पडेल.